हिरवा दिवा लागल्याशिवाय

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही वही फक्त दीपाच्या रिक्षाची. दुकानाच्या नोंदी दुकानाच्या वहीत आहेत, त्या इथे येणार नाहीत.

आज दिवाळीच्या सुट्या संपून शाळा उघडल्या. दीपमालाने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, अकोल्याच्या जुन्या शहरातली सात लेकरं ई-रिक्षात बसवली आणि मोर्णा नदीच्या पलीकडच्या शाळेत सोडली. रिक्षा जुनी घेतलेली. आतलं सगळं माझं. शिशाच्या चार बॅटऱ्या काढून टाकल्या. लिथियमचे दोन पॅक बसवले, चोवीस-चोवीस व्होल्टचे, एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडून. याला सिरीज म्हणतात. दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस. पहिला पॅक जूनमध्ये बांधला, दुसरा ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक पॅकमध्ये आठ सेल, प्रत्येक सेल मी स्वतः तपासून घेतलेला. शिवाय प्रत्येक पॅकच्या पोटात एक रखवालदार पाटी आहे, म्हणजे सर्किटची. पॅक जास्त भरला किंवा जास्त रिकामा झाला की ती विजेचा रस्ता तोडते.

वेगाची मूठ सोडली की चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज करते आणि ती वीज परत बॅटरीत जाते. गाडी आपोआप धरली जाते. मिस्त्री लोक याला रिजन म्हणतात. अमरावतीत राजापेठेत सत्तावीस वर्षं मोटर वाइंडिंग केलं, दहावी पुरी केली नाही, पण हे कोणाकडून शिकलो नाही.

हँडलखाली पत्र्याची पाटी रंगवून लावली आहे:

१. रोज पूर्ण चार्ज करावी. हिरवा दिवा लागल्याशिवाय काढू नये.
२. उतारावर मूठ सोडावी. मोटर वेग धरते.
३. पायाचा ब्रेक फक्त पूर्ण थांबताना.

ब्रेकचे लायनर मी मुद्दाम सैल ठेवले. चाक घासलं की किलोमीटर कमी होतात. पायडल चार बोटं खाली जातं, मग धरतं. रिजन असल्यावर तेवढं पुरेसं आहे.

दीपाने रोज किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरचे दोन फोटो पाठवायचे. एक रात्री चार्जिंगला लावताना, एक सकाळी शाळेच्या फाटकाशी. घर ते फाटक, लेकरं घेत घेत, ३.४ किलोमीटर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एका चार्जिंगमध्ये ९२ किलोमीटर. माझा अंदाज ९१ होता.

संध्याकाळी सहदेव दुकानात आला. तो राजापेठ ते बडनेरा रिक्षा चालवतो. बरोबर पाच जण होते, सगळे रिक्षावाले. सहदेव त्यांना म्हणाला, "इंजिनेराले जमत नाई ते या मानसाले जमते." माझ्या बायकोने, ललिताने, आतून दोनदा चहा पाठवला, म्हणजे तिनेही ऐकलं. सहाही जण १४ डिसेंबरला, रविवारी, गाडी बघायला येणार. बघून पसंत पडली तर सहा गाड्यांना माझे पॅक. दीपा त्या दिवशी रिक्षा मालट्रकवर टाकून इकडे आणेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

थंडी एकदम वाढली. सकाळी साडेआठला दीपाचा फोन.

"दादा, गाडी किल्ल्याच्या उतारावर हात सोडते."

"म्हंजे काय करते? नीट सांग."

"मूठ सोडली की धरते. अन् मंग मधातच टक् करते अन् सोडते. पुलाजोळ येईलोक धरतच नाई. खाली आल्यावर मूठ पिळली की मंग सारं बराबर."

मी विचारलं, मीटर बंद पडतं का? नाही. लाल दिवा? नाही. पूर्ण चार्ज होती का? "हिरवा दिवा लागला मंगच काढली, तू सांगतलं तसं."

मग दोष गाडीत नाही. मूठ अर्धवट सुटत असणार. तिला समजावून सांगितलं, की रिक्षा चालवणं म्हणजे शिवणयंत्र चालवणं नव्हे. पंधरा वर्षं तिने गल्लीत ब्लाउज शिवले. हाताला तीच सवय. तिने फोन ठेवला. समजलं असावं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

खात्री करावी म्हणून अकोल्याला जाऊन आलो. सकाळच्या गाडीने अकरा वाजता पोचलो. तोवर दीपाची शाळेची फेरी होऊन बाजाराच्याही दोन झाल्या होत्या.

मीटर लावलं. दोन्ही पॅक मिळून ५३.२ व्होल्ट. उत्तम. किल्ल्याकडून पुलाकडे जाणारा उतार मी स्वतः मोजला, २१० पावलं. दहा वेळा खाली गेलो, दहा वेळा वर आलो. दहाही वेळा मोटरने असा वेग धरला की मागे पाण्याचा गडवा ठेवला असता तर सांडला नसता.

उताराच्या तोंडाशी नत्थुजीचं गॅरेज आहे. सायकली, स्कुटी, जे येईल ते. सत्तरीचा माणूस. तो खुर्चीवर बसून सगळं बघत होता. म्हणाला, "उत्तमराव, डाक्टर आला की पोराचा ताप उतरते."

मी म्हटलं, "ताप असला तर उतरन ना."

दीपाच्या नवऱ्यासमोर, धम्मदीपसमोर, तिला तिन्ही सूचना मोठ्याने वाचायला लावल्या. तिने वाचल्या. धम्मदीप डाळ मिलमध्ये तोलाईवर आहे, आकड्याचा माणूस, त्याला पटलं असेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज फोन धम्मदीपचा.

"भाऊ, आज जास्तच झालं. पुलाच्या तोंडाशी भाजीवाली बसते, तिच्या टोपल्यापावतर गेली गाडी. दीपा म्हनते सोमवारी जास्त होते."

"सोमवारी?"

"हो. सोमवारी जास्त, बाकी दिवशी कमी. दुपारी तर होतच नाई. कालनिर्नयावर खुना करून ठेवल्या तिनं."

मला हसू आलं. बॅटरीला वार कळतो का, असं विचारलं. तोही हसला, पण उशिरा. रिजन काढून टाकता येईल का म्हणाला. काढलं तर राहिलं काय? जी गोष्ट दाखवायला सहा माणसं येणार तीच काढायची?

रविवारी रिक्षा दिवसभर उभी असते, चार्जरला लावलेली असते. सोमवारी ती सगळ्यात ताजी असायला पाहिजे. म्हणजे दीपाचं म्हणणं उलटंच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चार दिवस तक्रार नाही. बोललेलं लागू पडलं.

मात्र किलोमीटर घसरले. ९२ चे ८५. थंडीने दोन-तीन जातात, सात जात नाहीत. चाकाला काहीतरी घासत असावं. पुढच्या खेपेला बघतो.

बुधवार, ३ डिसेंबर

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण वही खोटी ठेवता येत नाही.

रात्रीचा फोटो आणि सकाळचा फोटो यांतला फरक ३.४ यायला पाहिजे. २५ नोव्हेंबरपासून ६.० येतो. रोज. २.६ किलोमीटर जास्त. आणि परवा, सोमवारी, ८.६. म्हणजे ५.२ जास्त, बरोबर दुप्पट.

शाळेच्या आधी ती कुठेतरी जाते. सोमवारी दोनदा जाते. सकाळी सातच्या आत. एसटी स्टँडवरची सवारी उचलत असेल. उचलो, गाडी तिची आहे. पण मला सांगायला काय होतं? मी विचारलं होतं, रस्ता बदलला का म्हणून. "नाई दादा, तोच." तोच रस्ता कधी २.६ ने लांबत नाही.

ललिताला आकडे दाखवले. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तुमी तिले एक डाव बोलले का शिवनयंत्रावरून?"

"त्याचा अन् याचा काय संबंध?"

"काई नाई. माया मनात आलं." आणि मेथी घेऊन आत गेली.

शनिवार, ६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावून आलो. आईने याच दिवशी मला दीपाचा हात धरायला लावून रांगेत उभं केलं होतं. ती पाच वर्षांची, मी एकोणीस. गर्दीत हात सोडू नको म्हणाली होती.

उद्या अकोल्याला मुक्कामाला जातो. सोमवारी सकाळी समोरच बघतो, काय आहे ते.

रविवार, ७ डिसेंबर, अकोला

दुपारी पोचलो. दीपाने ज्वारीची भाकर, आलू-वांगं आणि ठेचा केला. तक्रारीचा एक शब्द नाही. रिक्षा कालपासून चार्जरला. हिरवा दिवा. दोन्ही पॅक मिळून ५५.२. उत्तम.

जेवताना मी कागद पुढे ठेवला. तारखा आणि आकडे, लाल शाईत.

"हे २.६ काय हाये, दीपा?"

तिने कागद पाहिला. धम्मदीपने पाण्याचा गिलास उचलला, तसाच खाली ठेवला.

"सकायी एक चक्कर मारतो मी."

"कोनाले घेऊन?"

"कोनालेच नाई. रिकामी."

"रिकामी गाडी फिरवाले काहून लागते?"

"सांगतलं होतं मी तुले. तू ऐकलं नाई."

मी म्हटलं, मला खोटं चालत नाही. सवारी उचलत असशील तर उचल, पण माझ्या गाडीवर दोष ठेवून नको. हे बोलायला नको होतं असं आता वाटतं. पण तेव्हा आकडे माझ्या बाजूने होते. दीपा उठली, माझं ताट उचललं. मी अजून हात धुतला नव्हता.

सोमवार, ८ डिसेंबर, अकोला

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी पावणेसातला दीपा चार्जर काढून निघाली. किल्ल्यामागच्या सपाट रस्त्याकडे हँडल वळवलं. मी समोर उभा राहिलो.

"कुठं? लेकरं तिकडं हायेत."

"चक्कर मारून येतो, दादा. सोमवार हाये, दोन लागतात."

"आज नाई. आज इथून सरळ. भरली तशी. लेकरं घे अन् चाल."

ती खाली उतरली. चावी काढून हातात ठेवली. माझ्याशी अशी ती आयुष्यात बोलली नव्हती.

"लेकरं नाई बसवत मी. मायबापानं माया भरोशावर देली. तुले पाह्यचं हाये ना, तू चालव. मी बसतो मांगं. वजन पायजे तर कट्टे टाक."

सात लेकरं, दप्तरांसकट मी पावणेदोनशे किलो धरली. समोरच्या किराणावाल्याकडून पंचवीस किलोचे तांदळाचे कट्टे आणले. दीपा बसणार म्हणून दोन कमी केले. पाच. धम्मदीपने खांद्यावरून आणून टाकले. त्यालाही मिलमध्ये जायला उशीर होत होता, पण तो लेकरांना घेऊन पायीच निघाला, पुलापलीकडे पोचवतो म्हणून. हे मी पाहिलं. त्याच उताराने ती जाणार हेही मला माहीत होतं. मनात आलं नाही. माझी गाडी धरणारच होती.

उताराच्या तोंडाशी वेग २२. पाटीप्रमाणे मूठ सोडली. गाडी धरली गेली. १९. १६. मी मागे वळून दीपाला म्हणणार होतो, पाहिलं का?

टक्.

सीटखालून आला आवाज. आणि मागून कोणी धरलेलं सोडून द्यावं तशी गाडी सुटली. १८. २१. २४.

मी ब्रेक दाबला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी वाट पाहत होतो. मोटर पुन्हा धरेल, धरायलाच पाहिजे, मी बसवली आहे. विजेचे खांब मागे गेले, तीन मोजले. पुढे डाव्या अंगाने लेकरं चालली होती, दोघा-दोघांच्या जोडीने, शेवटची जोडी रस्त्यात आलेली. उजवीकडे भाजीचा हातठेला. मधे रस्ता नव्हता.

दीपा ओरडली नाही. मागून हळू म्हणाली, "दादा, पाय."

पाय टाकला तेव्हा मला ठाऊक होतं की पायडल चार बोटं रिकामं जाणार, आणि तेवढ्यात सगळं होणार. ते एका बोटात धरलं. मागची चाकं घासली, कट्टे पुढे सरकून माझ्या पाठीवर आले, गाडी तिरपी होऊन उभी राहिली.

पुढच्या चाकापासून शेवटच्या पोरीच्या दप्तरापर्यंत दीड हात. मी उतरून मोजलं. काय करावं कळत नव्हतं म्हणून मोजलं. ती पोरगी वळून म्हणाली, "मामा, हारन वाजवा लागते."

धम्मदीपने लेकरांना एका बाजूला घेतलं, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं, सात झाली, आणि घेऊन गेला.

नत्थुजी खुर्चीवरून उठून उतार उतरत आला. मागच्या चाकाशी वाकला, हात लावला.

"गरम झालं, पन धरलं. पंधरा दिवस झाले, मीच आवळले लायनर. बाई म्हने, दादाले सांगू नका, त्याचे किलोमीटर कमी होतात."

मी पुलाच्या कठड्यावर बसलो. दीपा कट्टे सरळ करत होती. एक फाटला होता, तांदूळ रस्त्यावर गेले होते, ते ओंजळीने भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिवनयंत्र असतं तर पाय आपोआप पडला असता."

मंगळवार, ९ डिसेंबर, अकोला

काल दिवसभर गाडी उभी ठेवली. लेकरं धम्मदीपने पायी नेली, पायी आणली. रात्री गाडी पुन्हा चार्जरला लावली. आज पहाटे, हिरवा दिवा असताना, सीट काढून जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं. दोन्ही पॅक वेगवेगळे मोजले.

पहिला २८.४. दुसरा २६.८.

बेरीज ५५.२. बेरीज नेहमी बरोबरच होती. मी फक्त बेरीज मोजत आलो.

जूनचा पॅक आणि ऑक्टोबरचा पॅक. बसवले त्या दिवशीच एक जास्त भरलेला होता, एक कमी. सिरीजमध्ये दोघांतून एकच वीज जाते, तेवढीच. त्यामुळे अंतर कधी भरून येत नाही. पहिला काठोकाठ भरतो तेव्हा दुसऱ्यात जागा असते, पण पहिल्याची रखवालदार पाटी रस्ता तोडते आणि दुसऱ्याचाही रस्ता तुटतो. चार्जरला वाटतं दोघे भरले. हिरवा दिवा. मग गाडी घरातून निघते, अडीचशे पावलांवर उतार येतो, मोटर आणखी वीज आत ढकलते. एकदोन क्षण घेते. मग टक्. वीज जायला जागा नाही म्हटल्यावर मोटरही धरणं सोडते. थंडीत हे लवकर होतं. खाली येऊन मूठ पिळली की वीज बाहेर निघते, पाटी पुन्हा जोडून देते, आणि खूण काही उरत नाही.

अकरा वाजता, फेऱ्या होऊन जागा झाल्यावर, हे कधीच झालं नसतं. मी दहा वेळा काय, शंभर वेळा उतरलो असतो.

सोमवारी सगळ्यात जास्त, कारण रविवारी पूर्ण दिवस चार्जरला. बॅटरीला वार कळत नाही. दीपाला कळला. आधी सपाट रस्त्यावर चक्कर मारून जागा करायची आणि मगच लेकरं घेऊन उतरायचं, हे तिचं तिने शोधलं. माझ्या पहिल्या सूचनेने गाडी काठोकाठ भरायची, ती सूचना मोडली नाही. दादाने लिहिलेली म्हणून.

कालनिर्णय पाहिलं. नोव्हेंबरच्या पानावर पेन्सिलीच्या बारीक फुल्या. तिचा पहिला फोन यायच्या आधीच्या सोमवारीही दोन-दोन. चोवीस तारखेला तीन, आणि बाजूला "लेकरं रडले".

पत्र्याची पाटी काढली. दीपाला विचारलं, नवीन काय लिहू?

"लिहू नको. सांगून दे. मी ध्यानात ठेवतो."

शुक्रवार, १२ डिसेंबर

तीन दिवस अकोल्यातच राहिलो. दोन्ही पॅक वेगवेगळे भरून एका पातळीवर आणले. त्यांच्यामध्ये पातळी सारखी ठेवणारी पाटी बसवली. चार्जर नव्वद टक्क्यांवर तोडला. रिजन निम्मं केलं. ब्रेकला हात लावला नाही, नत्थुजीला फक्त बघायला बोलावलं. आज हिरव्या दिव्यावरून सरळ उतरलो, सात वेळा. कट्टे टाकून. पायडलवर पाय ठेवून.

ललिताचा फोन आला. रविवारी सहा माणसं येणार, दीपा गाडी आणणार का? म्हटलं, नाही. गाडी लेकरांची आहे.

रविवार, १४ डिसेंबर, अमरावती

सहाही आले. गाडी नाही हे आधी सांगितलं, मग का नाही ते सांगितलं. उतार, खांब, दप्तर, दीड हात. बेरीजही सांगितली. चहा निवला.

एक जण म्हणाला, "म्हंजे लेकरं घेऊन चालली होती गाडी महिनाभर." मी म्हटलं, हो. तो उठला, त्याच्यामागे तिघे. सहदेव आणि आणखी एक राहिले.

सहदेवने निवलेला चहा बशीत ओतला. "नाई सांगतलं असतं तरी चाललं असतं ना भाऊ. आता तं दुरुस्त झाली."

"अकोल्याच्या उतारावर दुरुस्त झाली. तुमच्या कोन्या उतारावर काय होईल मले मालूम नाई."

"मंग मायी गाडी करसान का?"

"करीन. पन आधी आठ दिवस तुया मांगं बसून फिरीन. तू सांगशील ते लिहीन."

तो म्हणाला, विचार करतो. दाराशी चपला घालताना ललिताला म्हणाला, "वयनी, भाऊले बरं नाई का?" ललिता म्हणाली, "आता हाये."

सोमवार, २२ डिसेंबर

सकाळी सव्वासातला शाळेच्या फाटकाचा फोटो आला. मी न सांगता ती अजून पाठवते.

रात्रीचा आकडा वजा केला. ८.६.

म्हणजे ५.२ जास्त. सोमवारच्या दोन चकरा.

पॅक सारखे आहेत. मी स्वतः मोजले आहेत, वेगवेगळे. चार्जर नव्वदला तुटतो. चकरेची काही गरज उरलेली नाही, हे मी तिला कागदावर काढून दाखवलं होतं, तेव्हा तिने मान हलवली होती.

फोन उचलला. ललिता दारात उभी होती. "काहून लावून राह्यले फोन?"

ठेवून दिला.

वहीत गेल्या महिन्यापासून एक रकाना आहे, वर लाल शाईत लिहिलेलं, "ताळा लागत नाही". त्यावर रेघ मारली. निळ्या शाईने नवीन नाव घातलं: दीपाच्या चकरा.

खाली आजची तारीख लिहिली. ५.२.